पाकिटावर झाडांची नावं छापा : कॉफी भाजणाऱ्यांना आणि कॅफेवाल्यांना खुले पत्र

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, पणजी आणि इतरत्र कॉफी भाजून विकणाऱ्या व कॅफे चालवणाऱ्या सर्व मंडळींस,

स. न. वि. वि.

तुमच्या पाकिटावर हल्ली बरंच काही वाचायला मिळतं. जिल्हा, इस्टेटीचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, बियांची जात, फळ अख्खं वाळवलं की गर काढून धुतलं, भाजणी हलकी की मध्यम. त्याखाली चवींची यादी : संत्र्याची साल, गूळ, अंजीर, कोको. आणि कोपऱ्यात एखाद्या हिरव्या पानाच्या चित्राशेजारी 'शेड ग्रोन', म्हणजे सावलीत पिकलेली. बाकी सगळ्यावर माझा विश्वास आहे, अंजिरावरसुद्धा. हे पत्र त्या कोपऱ्यातल्या दाव्याबद्दल आहे.

दावा खोटा नाही. अडचण अशी की भारतात तो कोणाच्याच बाबतीत खोटा ठरत नाही. आपल्याकडची जवळजवळ सगळी कॉफी झाडांच्या सावलीत पिकते आणि मळ्यांमध्ये सावलीच्या झाडांच्या सुमारे ५० जाती आढळतात, असं केंद्र सरकारचं कॉफी बोर्डच सांगतं. ब्राझीलमध्ये मैलोन्‌मैल उघड्या उन्हात कॉफी लावतात, तशी इथे लावत नाहीत. तेव्हा भारतीय कॉफीच्या पाकिटावर 'सावलीत पिकलेली' छापणं हे दुधाच्या पिशवीवर 'पांढरं' छापण्यासारखं आहे. गिऱ्हाईक म्हणून मला जे कळायला हवं ते त्यातून कळत नाही : सावली कोणत्या झाडांची?

कर्नाटकातल्या कोडगू (कूर्ग) किंवा चिकमगळूर जिल्ह्यात शेजारी शेजारी दोन मळे असू शकतात. पहिल्यात वर वड, उंबर, फणस, रानफणस, बेहडा, शिसव, बिबळा, जांभूळ, नाणा, मधल्या थरात पांगारा, त्याखाली कॉफी. आत शिरलं की हे शेत आहे हे ओळखायला थोडा वेळ लागतो. आपल्या तिलारीच्या किंवा आंबोलीच्या जंगलात हिंडलेल्या माणसाला यातली निम्मी झाडं तोंडपाठ असतात, कारण डोंगर एकच आहे, सह्याद्री. दुसऱ्या मळ्यात सरळसोट सिल्व्हर ओक, ओळीनं लावलेले, प्रत्येकाच्या बुंध्यावर मिरीचा वेल चढवलेला. खाली कॉफी तीच. दोन्ही मळ्यांचा माल तुमच्याकडे येतो तेव्हा पाकिटावर एकच हिरवं पान लागतं.

सिल्व्हर ओक पाचगणीला गेलेल्या कोणीही पाहिलेला असतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, इंग्रजांच्या काळात चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी आणलेला. मी त्याला शिव्या द्यायला बसलेलो नाही. सरळ वाढतो, छाटणी सोसतो, मिरीला उत्तम आधार देतो, फुलला की पक्षी मधासाठी येतातही. पण मळेवाल्याला तो आवडतो याचं मोठं कारण यांपैकी कुठलंच नाही. तो तोडून विकता येतो, हे खरं कारण.

कोडगूत जमिनीच्या हक्कांचे प्रकार इतके गुंतागुंतीचे आहेत की तिथल्या वकिलांचीच त्यावर गुजराण व्हावी. थोडक्यात एवढंच सांगतो : अनेक जमिनी अशा आहेत की जमीन कसणाऱ्याची, पण तिच्यावरची जुनी देशी झाडं सरकारची. जिथे झाडं मालकाची आहेत तिथेही शिसवीसारखं झाड तोडायचं तर वनखात्याची परवानगी, मोजणी, शिक्के, वाहतुकीचा परवाना. सिल्व्हर ओकला यातलं बहुतेक काही लागत नाही. मुलीचं लग्न निघालं, पंप जळाला, कॉफीचा भाव बसला, की पाच-दहा ओक विकून मोकळं होता येतं. देशी झाड म्हणजे आपल्याच मळ्यात उभी असलेली सरकारी मालमत्ता, वर त्याच्या फांद्या छाटायची मजुरी आपल्याच खिशातून.

कोकणातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, जांभूळ अशी झाडं आहेत. ती आपल्याच बांधावर असली तरी तोडायला परवानगी लागते. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण ज्या झाडामुळे उद्या कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागतील त्याचं रोप वाढू द्यायचं की कोयत्यानं उडवायचं, हा निर्णय शेतकरी एका सकाळी एकटा घेतो आणि त्याचा पंचनामा कधीच होत नाही.

म्हणून मळ्यात काय उभं आहे एवढंच पाहून भागत नाही, काय उगवतंय तेही पाहावं लागतं. म्हातारी झाडं सगळी देशी आणि तरणी झाडं सगळी ऑस्ट्रेलियन, असं असेल तर त्या मळ्याचं पुढच्या चाळीस वर्षांचं चित्र आजच ठरलेलं आहे. एकही कुऱ्हाड न चालवता जंगल जातं ते असं. उंबर वादळात पडतो, त्या जागी ओक लागतो. कोणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कपात तर फरक पडत नाही. चवीचं मी तुमच्यावर सोडतो. पण कॉफीच्या झाडाला फरक पडतो, हे मळेवाले तुमच्या-माझ्यापेक्षा फार आधीपासून जाणून आहेत.

कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका मुळात इथिओपियाच्या डोंगरी जंगलांत मोठ्या झाडांच्या खाली वाढणारं झुडूप. तिला उन्हात आणून खत-पाण्यावर पिकवता येतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. श्रीलंकेत १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा हा बुरशीचा रोग दिसला आणि पुढच्या काही दशकांत तिथली कॉफी बुडाली, लोक चहाकडे वळले. आपल्याकडे तांबेऱ्याच्या जोडीला पांढरा खोडकिडा आहे. त्याचा भुंगा ऊन खाणाऱ्या खोडांवर अंडी घालतो, अळी आत शिरून खोड पोखरते आणि अख्खं झाड उपटून जाळावं लागतं. यावर वर्षानुवर्षं सांगितला जाणारा पहिला उपाय म्हणजे सावली नीट राखा. कर्नाटकातला अरेबिकावाला सावली पर्यावरणाच्या प्रेमानं ठेवत नव्हता, पीक वाचवायला ठेवत होता. गरजेपोटी का होईना, झाडं उभी राहिली.

रोबस्टा उन्हाला आणि खोडकिड्याला जास्त दाद देत नाही. म्हणून रोबस्टा लावला की सावली विरळ करायचा मोह होतो. तुमच्यातले बरेच जण रोबस्टाला नाक मुरडतात, त्यांना हा आणखी एक मुद्दा मिळाला असं वाटेल. थोडं थांबा. रोबस्टाच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा यावा लागतो. मार्च-एप्रिलच्या पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत अख्खा मळा एकदम पांढरा होतो आणि ती फुलं दोन-एक दिवसांचीच सोबती. एवढ्या थोड्या वेळात एवढ्या फुलांना पुरून उरतात त्या आग्या मोहोळाच्या माश्या. कोडगूतल्या अभ्यासात रोबस्टाच्या परागीभवनात त्यांचाच वाटा मोठा दिसला. आग्या मोहोळं लागतात उंच, आडव्या फांद्यांच्या जुन्या झाडांवर. म्हणजे ज्या पिकाला सावलीची गरज कमी असं समजतात, त्याला त्या झाडांची गरज दुसऱ्या वाटेनं आहेच. कर्नाटकातल्या मळ्यांमधल्या पक्ष्यांच्या पाहणीतही रोबस्टाची सावली अरेबिकापेक्षा विरळ असूनही पक्ष्यांच्या जाती फारशा कमी भरल्या नाहीत. झाडं ठेवली तर रोबस्टाचा मळाही चांगला राहतो. तेव्हा दोष जातीवर ढकलू नका.

त्याच भागात वन्यजीव-अभ्यासक कृती कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफी, सुपारी आणि रबर अशा तिन्ही लागवडींमध्ये पक्षी मोजले होते. सगळे मिळून २०४ जाती आढळल्या आणि त्यात कॉफीचे मळे सरस ठरले. रबराशी झालेली ही तुलना आपण जरा मनावर घ्यायला हवी. आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीत खासगी जंगलं तोडून रबर आणि अननस लावले गेले, ते कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलंय. जंगल आणि नगदी पीक एकाच जमिनीवर नांदू शकतात असं कोणी म्हटलं की इकडचा माणूस हसतो. ते नांदू शकतात. कोडगूत दीडशेहून अधिक वर्षं नांदलेत. तिथे बाराशेच्या वर देवराया आहेत, देवरकाडू म्हणतात त्यांना, बहुतेक लहान-लहान आणि विखुरलेल्या. या देवराया एकमेकींशी जोडलेल्या राहतात त्या मधल्या मळ्यांतल्या झाडांमुळे. धनेश एका राईत उंबर खातो, मळ्यातल्या बेहड्यावर बसतो, पलीकडच्या राईत बी टाकतो. मधे सगळे ओक असतील तर त्याला थांबायला फांदी मिळेल, खायला मात्र काही मिळणार नाही आणि घरटं करायला ढोलीही सापडणार नाही.

युरोपचा कायदा हे सांभाळून घेईल, असंही काही जण म्हणतात. युरोपीय संघानं २०२३ मध्ये नियम केला : ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेल्या जमिनीवरची कॉफी, कोको, रबर वगैरे तिकडे विकता येणार नाही. अंमलबजावणी पुढे-पुढे ढकलली जातेय, तरी निर्यातदार कामाला लागले आहेत आणि मळ्यांचे नकाशे, अक्षांश-रेखांश गोळा होत आहेत. पण तो नियम ज्याला जंगल म्हणतो त्यात शेतीखालची जमीन येत नाही, मग तिच्यावर कितीही झाडं असोत. कॉफीचा मळा म्हणजे शेती. त्यातले वड-उंबर जाऊन सगळा ओक झाला तरी त्या हिशेबात जंगलतोड शून्य. उपग्रहालाही वरून हिरवंच दिसणार.

पक्ष्यांना पोषक कॉफीचा एक शिक्का अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेनं फार पूर्वी सुरू केला. त्याच्या अटी कडक आहेत : किमान ४० टक्के छाया, मुख्य झाडाखेरीज निदान दहा जातींची झाडं, शिवाय सेंद्रिय शेती. चांगली गोष्ट आहे. पण आपल्याकडचे बहुसंख्य कॉफीवाले छोटे आहेत, दोन-चार एकरांचे. तपासणीचा खर्च, कागदपत्रं आणि सेंद्रियची अट हे सगळं त्यांना झेपणारं नाही. म्हणून मी तुमच्याकडे शिक्का मागत नाही. त्याहून स्वस्त आणि माझ्या मते जास्त कामाची गोष्ट मागतोय.

मळ्याकडून बिया घेताना चार प्रश्न विचारा आणि मिळालेली उत्तरं पाकिटावर छापा. सावलीच्या शंभर झाडांत सिल्व्हर ओक किती? बाकीची कोणती, नावानिशी? वड-उंबराच्या जातीची किती राखली आहेत? आणि गेल्या पाच वर्षांत मळ्यात रोपं कोणती लावली किंवा आपोआप उगवलेली कोणती वाढू दिली? हा चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, तो गाळू नका. पहिल्या तिघांची उत्तरं आजोबांच्या पुण्याईवर देता येतात.

मळेवाला सांगणार नाही, ही भीती अनाठायी आहे. तुमच्यापैकी जे मळ्यावर जाऊन राहून येतात त्यांना ठाऊक आहे की झाडांबद्दल विचारलं की प्लांटर खुलतो. मिरीचा हिशेब ठेवायचा म्हणून ओक त्याच्याकडे बहुधा मोजलेले असतातच. आणि गिऱ्हाईक हे वाचणार नाही असं तर तुम्ही म्हणूच नका. ज्या महाराष्ट्रात कॉफी म्हणजे जायफळ घालून उकळलेलं दूध होतं (आणि माझ्या घरी कोजागरीला अजून आहे), तिथल्या लोकांना तुम्ही ॲनेरोबिक फर्मेंटेशन वाचायला लावलंत. त्यांना बेहडा नक्की वाचता येईल.

आता पैशाचं. दुहेरी एस्प्रेसोला तुम्ही साधारण १८ ग्रॅम भाजलेली कॉफी वापरता. कच्ची बी भाजली की वजन १५-१८ टक्क्यांनी घटतं. म्हणजे किलोभर कच्च्या बियांतून ४५ च्या आसपास कप निघतात. अडीचशे रुपयांच्या कपातला एक रुपया तुम्ही झाडांसाठी बाजूला काढलात, तर मळेवाल्याच्या हाती किलोमागे ४५ रुपये जादा पडतात. माझ्या लेखी एवढा स्वस्त सौदा दुसरा नाही. मी तो रुपया आनंदानं देईन, बिलावर वेगळा दाखवलात तरी.

फक्त हे पैसे चवीच्या जादा भावात मिसळू नका. चव एका पावसाळ्यात बिघडू शकते आणि मग झाडांचे पैसेही जातात. झाडांचे पैसे झाडांच्या नावानं द्या आणि एका हंगामापुरते न देता निदान पाच वर्षांच्या बोलीनं द्या. बाजारावर विसंबलं तर झाडांना दोन्हीकडून मार आहे. भाव पडले की उधारी फेडायला लाकूड विकावंसं वाटतं. भाव चढले की जास्त पीक काढायला सावली मोकळी करावीशी वाटते. मळेवाल्यांचा माल एकत्र घेऊन विकायची कॉफी बोर्डाची सामाईक खरेदीची व्यवस्था १९९६ पर्यंत पूर्ण उठली आणि तेव्हापासून मळेवाला न्यूयॉर्क-लंडनच्या भावांच्या तोंडी आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये ते भाव विक्रमी चढले. त्या तेजीत कोणी काय छाटलं हे काही वर्षांनी दिसेलच. पाच वर्षांची बोली करणारा एखादा लहान गिऱ्हाईक अशा वेळी मळेवाल्याला किती धीर देतो, हे त्यालाच विचारा.

कायदा बदलणं तुमच्या हातात नाही, मान्य. देशी झाड लावणाऱ्याला ते पुढे कायदेशीरपणे विकता यायला हवं, हे अभ्यासक आणि प्लांटर दोघंही सांगत आले आहेत आणि ती लढाई बंगळुरूत लढायची आहे. बळंजीसारखी काही देशी झाडं झपाट्यानं वाढतात, त्यांना मोकळीक मिळाली तर ओकची मक्तेदारी आपोआप सैल होईल. तोपर्यंत निदान बाजारात तरी देशी झाडाला काही किंमत असू द्या. आज ती शून्य आहे, आणि शून्य आहे कारण माल विकत घेणारा ते विचारतच नाही.

जाता जाता चिखलदऱ्याबद्दल. गाविलगडच्या डोंगरांत, मेळघाटच्या वाघांच्या शेजारी, महाराष्ट्राची म्हणावी अशी थोडी कॉफी आहे. 'आपली कॉफी' म्हणून ती विकायला तुमच्यातला कोणी ना कोणी एक दिवस जाणार, याची मला खात्री आहे. गेलात तर तिथे तरी सुरुवातीपासून ही पद्धत पाडा. सावलीला काय लावायचं हे तिथल्या कोरकू आदिवासी माणसाला विचारलंत तर तो सिल्व्हर ओक सांगणार नाही.

अरेबिकाची तोडणी नोव्हेंबरपासून सुरू होते, रोबस्टाची मार्चपर्यंत चालते. नव्या मालाचे नमुने तुमच्याकडे येतील, दर ठरतील. चार प्रश्न विचारायची वेळ तीच. शंभरात ऐंशी सिल्व्हर ओक असं उत्तर आलं तरी छापा. ते पाकीटही मी घेईन. पुढच्या वर्षी त्याच इस्टेटीचा आकडा काय येतो, तेवढं पाहीन.

आपला,
एक नेहमीचा गिऱ्हाईक
पुणे